एकतीस वर्षं एकही रजा न घेतलेला माणूस

मुलुंडला स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर माझं दुकान आहे. सहा बाय नऊचं. एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, फोटो काढायला पांढरा पडदा आणि मी. पाटीवर ‘पासपोर्ट, व्हिसा, सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील’ असं लिहिलं आहे. लोक मात्र मला एकाच शब्दात ओळखतात. दलाल.

या शब्दाचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. सरकारी कचेऱ्यांबाहेर बोर्ड असतो, ‘दलालांपासून सावध राहा.’ त्याच बोर्डाखाली उभे राहून लोक मला फोन करतात, “चाळकेबाई, इथे या रकान्यात काय लिहू हो?” मी सांगते. ते लिहितात. विमानात बसतात. तिकडे पोचल्यावर फोटो टाकतात, त्यात देवाचे आभार असतात, आईवडिलांचे असतात, एका बाईने तर आपल्या योगा टीचरचेही मानले होते. चाळकेबाईचं नाव आजवर एकाही फोटोखाली आलेलं नाही.

या अंकाच्या संपादकांचा पासपोर्टही मीच केला. त्यांनी अनुभव लिहायला सांगितले तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, पानं किती? ते म्हणाले चार. मी आठ मागितली. सहावर जमलं. तेव्हा मुद्द्यावर येते.

रेल्वेत तुम्ही चढलात की चढलात. विमानाला आधी तुमच्याशी बोलायचं असतं. तू कोण, हे तर ते विचारतंच. तू कुठल्या देशाचा, हेही विचारतं. आणि सगळ्यात शेवटी विचारतं की तिकिटावर ज्याचं नाव आहे तो तूच, हे कशावरून? लोकांना वाटतं, एक आधार कार्ड खिशात असलं की तिन्ही प्रश्न मिटले. तसं नाही. इथे राहणाऱ्या परक्या देशाच्या माणसालाही आधार मिळू शकतं. ते तुम्ही इथे राहता हे सांगतं, इथलेच आहात हे सांगत नाही. एवढी एक गोष्ट समजावण्यात माझा घसा गेला आहे. आवाज मुळात मोठा होताच, तो आता उतरत नाही.

गिऱ्हाईकं कशी येतात त्याचं एक उदाहरण देते. आमच्या गल्लीतली एक मुलगी बाळंतपणाला कॅनडाहून माहेरी आली होती. नवरा तिकडेच. बाळ झालं, बाळाच्या पासपोर्टचा फॉर्म बापाने तिकडे बसून भरला, फोटोवरून. फॉर्ममध्ये एक रकाना असतो, शरीरावरची दिसणारी खूण. बापाने लिहिलं, ‘डाव्या गालावर मोठा काळा तीळ.’ दोन दिवसांनी त्याचा मला फोन. आवाज अगदी बारीक.

“काकू, एक विचारू? घरात कुणाला सांगू नका.”

“बोल.”

“बाळाचा तीळ सरकतोय. परवा डाव्या गालावर होता, काल व्हिडिओवर उजव्या गालावर दिसला, आज कपाळावर आहे. डॉक्टरला दाखवायला सांगू का?”

आजी रोज आंघोळीनंतर मनाला येईल तिथे तीट लावत होती. मुलगा पुण्यात वाढलेला, इंजिनिअर. मी त्याला म्हटलं, “बाबा रे, फॉर्म परत भर आणि कामावर जा.”

फोटो काढतानाची भांडणं तर रोजची. कान दिसले पाहिजेत असं म्हटलं की आज्या पदर मागे घ्यायला तयार नसतात. मी त्यांना सांगते, आजी, वय वाढलं की केस जातात, दात जातात, गाल आत जातात. पण कानाची ठेवण आहे तशी राहते. माणूस ओळखायचा तर कान बघावेत. हे मला कुणी शिकवलेलं नाही. एवढी वर्षं जुने आणि नवे फोटो शेजारी ठेवून बघितले, त्यातून कळलं.

आता ज्या गोष्टीसाठी मी सहा पानं मागून घेतली, ती सांगते.

गेल्या हिवाळ्यात एका बुधवारी दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली. आतून एक पाय बाहेर आला, गुडघ्यापर्यंत प्लास्टर. मागून नवप्रभात सोसायटीचा वॉचमन. अंगात खाकी स्वेटर, डोक्याला कानटोपी. पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून तो पडल्याचं मला माहीत होतं. नवप्रभातच्या लोकांना त्याचं वाईट वाटलं होतं. त्याच्या मुलीचं गावी लग्न ठरलं होतं आणि मोडका पाय घेऊन त्याला रेल्वे, बस, परत बस असा तीन दिवसांचा प्रवास करणं शक्य नव्हतं. म्हणून सोसायटीने त्याला विमानाचं तिकीट काढून दिलं होतं. खरोखर चांगलं काम. मी ते ऐकून चकित झाले होते, कारण त्याच सोसायटीत झेरॉक्सच्या पानामागे माझ्याशी वाद घालणारी माणसं राहतात.

“बाई, तिकिटाची प्रिंट पाहिजे,” तो म्हणाला.

मी प्रिंट काढली. मुंबई ते काठमांडू, रविवार सकाळ. सवयीने विचारलं, “ओळखपत्र कुठलं दाखवणार?”

“आधार आहे ना.” त्याने काढून दाखवलं. बहादूर सिंग. तिकिटावरही बहादूर सिंग. दोन्ही अगदी जुळत होतं.

“अरे, तू नेपाळचा ना?”

“हां बाई.”

“मग नेपाळला जाताना तू हे दाखवलंस तर ते तुला आत सोडतील असं वाटतं तुला? तिथे नेपाळचा पासपोर्ट लागेल, नाहीतर तुमच्या सरकारचा नागरिकतेचा कागद. आहे?”

त्याने स्वेटरच्या आत हात घालून प्लास्टिकच्या पिशवीतून एक घडीचा कागद काढला. नेपाळची नागरिकता. मूळ प्रत, शिक्का, फोटो, सगळं बरोबर. फोटोत सोळा वर्षांचा, दाट केसांचा पोरगा. आणि नाव: मनिराम तामांग.

“हा कोण?”

“मी.”

“आणि हा बहादूर सिंग?”

तो प्लास्टरकडे बघत म्हणाला, “तो पण मी. हर्क पण. जीतमान पण.”

मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

हकिगत अशी होती. एकतीस वर्षांपूर्वी त्याचा थोरला चुलतभाऊ हर्कबहादुर नवप्रभातमध्ये लागला. तेव्हाच्या सेक्रेटरीने हजेरीच्या मस्टरवर लिहिलं बहादूर, आणि शोभावं म्हणून सिंग स्वतःच्या मनाने जोडलं. काही वर्षांनी हर्कला शेतीसाठी गावी जायचं होतं. रजा मागितली तर नोकरी जाईल या भीतीने त्याने धाकट्या भावाला, मनिरामला, आपल्या जागी उभं केलं. तोच स्वेटर, तीच टोपी. कुणीच काही बोललं नाही. पुढे तिसरा चुलतभाऊ जीतमान आला. तेव्हापासून आठ आठ महिन्यांची पाळी. एक गेटवर, एक गावी, आणि एक घाटकोपरला हार्डवेअरच्या गोदामात. नोकरी एक, चुली तीन. सोसायटीत आधारचं शिबिर लागलं तेव्हा गेटवर मनिराम होता, म्हणून बोटं त्याची आणि नाव बहादूरचं. सेक्रेटरींनी स्वतः शेजारी बसून सगळं सांगितलं होतं.

“आणि आत्ता गेटवर कोण आहे?”

“जीतमान. हर्क गावी.”

“कुणी विचारलं नाही? कालपर्यंत प्लास्टर होतं, आज नाही?”

“सातव्या मजल्यावरचे साहेब बोलले, बहादूर, लवकर बरा झालास. दूध पीत जा.”

मला हसू आवरेना. तो मात्र हसत नव्हता. नवरामुलगा कतारला कामाला होता, दहा दिवसांच्या सुट्टीवर आलेला. लग्न मंगळवारी. मुलीला द्यायला बाप हवा होता. बहादूरच्या तिकिटावर मनिरामला कुणी आत घेणार नव्हतं. म्हणजे तिकीट रद्द करून मनिरामच्या नावाने नवं काढायला हवं होतं. शिवाय फोटो सव्वीस वर्षांपूर्वीचा, तेव्हा सोसायटीच्या लेटरहेडवर हा मनिराम तामांगच आहे असं एक पत्र सोबत असलेलं बरं. दोन्ही गोष्टी सेक्रेटरींच्या हातात.

“बाई, साहेबांना सांगा नाव बदललं. पण तिघांचं सांगू नका. तिघांची नोकरी जाईल. मुलीच्या लग्नासाठी भावांची भाकरी घालवली तर गावात तोंड कसं दाखवू?”

“मी कशाला सांगते? या मुलुंडमधल्या निम्म्या घरांतली खरी वयं माझ्या पोटात आहेत. आजवर एक बाहेर आलंय का?”

हे मी त्याला छातीवर हात ठेवून सांगितलं. पुढे काय झालं ते वाचताना हे लक्षात ठेवा.

नवप्रभातचे सेक्रेटरी वैद्यसाहेब. रिटायर्ड, शिस्तीचे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. मी त्यांच्या ऑफिसात नव्हे, घरी गेले, कारण घरी माणूस लवकर नरमतो. दिवाणखान्यात भिंतीवर एक फ्रेम होती. गेल्या गणपतीत वैद्यसाहेब वॉचमनला शाल घालताहेत, खाली लिहिलंय, ‘३१ वर्षे एकही रजा न घेता अखंड सेवा.’

मी अगदी गोड आवाजात सुरुवात केली. “साहेब, बहादूरचं कागदोपत्री नाव मनिराम तामांग आहे. तिकीट त्या नावाने लागेल, आणि ओळखीचं एक छोटं पत्र.”

“असं कसं? आमच्या मस्टरवर बहादूर सिंग आहे. आधारवर बहादूर सिंग आहे. कमिटीचा ठराव बहादूर सिंगच्या तिकिटाचा आहे.”

“हो, पण त्याची नागरिकता...”

“चाळकेबाई, एकतीस वर्षं मी, म्हणजे आम्ही, या माणसाला ओळखतो. आणि आज तुम्ही एक कागद घेऊन येता आणि म्हणता हा दुसराच आहे? रागावू नका, पण तुम्हा दलाल लोकांना काय, हवा तो कागद तयार...”

पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं की नाही, मला आठवत नाही. माझ्या कानात सूं झालं.

“ओळखता? तुम्ही ओळखता?” मी उभी राहिले. “या कागदावर जन्मसाल बघा. माणूस बेचाळीस वर्षांचा आहे. एकतीस वर्षं नोकरी म्हणजे अकराव्या वर्षी लागला का तुमच्याकडे? शाळेच्या दप्तरासकट? फ्रेममधला माणूस बघा आणि माझ्या दुकानात प्लास्टर घालून बसलाय तो बघा. आणि खाली गेटवर आहे तो बघा! तीन आहेत, तीन! तीन वेगळी माणसं आहेत, आणि तुम्ही एकाला शाल घातलीत!”

मी काय बोलून बसले ते मला दोन सेकंदांनी कळलं. वैद्यसाहेबांना त्याच्याही नंतर कळलं. ते फ्रेमजवळ गेले, चष्मा वर केला, खाली केला.

तेवढ्यात आतून वैद्यवहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या. शांतपणे म्हणाल्या, “तीनच आहेत. मला केव्हापासून माहीत आहे.”

“काय?”

“एक बिनसाखरेचा चहा पितो. दुसरा कपबशी विसळून परत देतो. आणि तिसरा आला की आपली मनी मांजर जिन्यावरून खाली धावते.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी?” असं म्हणून त्यांनी माझ्यासमोर कप ठेवला आणि त्या आत गेल्या.

वैद्यसाहेब खुर्चीत बसले. मग त्यांच्यातला सेक्रेटरी जागा झाला. “ही फसवणूक आहे. शुद्ध फसवणूक. तिघांनाही उद्या काढतो. एजन्सीचा गार्ड ठेवतो.”

मनिरामने माझ्यावर विश्वास टाकला होता आणि तासाभरात मी त्याच्या तीन घरांची वाट लावली होती. माझं तोंड असं आहे. नवऱ्यानेही मला आयुष्यभर हेच सांगितलं. पण दुकान एकट्या तोंडाने चालत नाही, डोकंही लागतं. मी चहाचा घोट घेतला, आणि समोर टेबलावर सहीसाठी आणून ठेवलेलं मस्टर उचललं.

“काढा. अवश्य काढा. फक्त काढताना कारण काय लिहिणार ते मला सांगा, म्हणजे मी टाइप करून देते. या मस्टरवर खाली दर महिन्याला सेक्रेटरीची सही आहे. गेली बारा वर्षं ती सही तुमची आहे. आता एक तर हे मस्टर खरं आहे. म्हणजे तुम्ही एका माणसाला एकतीस वर्षांत रविवारची सुद्धा सुट्टी न देता राबवलंत, आणि वर ते फ्रेम करून भिंतीवर लावलंत. मनिरामचं जन्मसाल धरलं तर अकरा वर्षांचं पोर रात्रपाळीला ठेवलंत. नाहीतर हे मस्टर खोटं आहे. मग खोट्यावर सही कुणाची? तुम्हीच ठरवा. मला दोन्ही चालतंय.”

वैद्यसाहेब खिडकीबाहेर बघू लागले.

“तुम्हाला काय हवंय?” शेवटी म्हणाले.

हा प्रश्न आला की अर्धा सौदा झाला, हे मी छत्रीखाली टेबल टाकून बसत होते तेव्हापासून मला ठाऊक आहे.

“तिकीट मनिरामच्या नावाने. पत्र मनिरामच्या नावाने. आणि तिघंही नोकरीवर राहतील, आपापल्या नावाने.”

“तिकिटाचं बघतो. मुलगा ऑनलाइन करून देईल. पत्राचा मसुदा मात्र मी करणार.”

त्यांनी मसुदा केला. ‘आमच्या माहितीप्रमाणे सदर इसम हा बहुधा...’

“बहुधा काढा.”

“सावधगिरी म्हणून...”

“विमानतळावर बहुधा चालत नाही साहेब. तिथे माणूस बहुधा आत जात नाही. आणि ‘सदर इसम’ काय? पंचनामा आहे का हा? नाव लिहा.”

“‘आमच्या माहितीप्रमाणे’ तरी राहू दे.”

“ते राहू दे,” मी म्हटलं. एक शब्द समोरच्याचा ठेवावा, म्हणजे त्याला आपण हरलो असं वाटत नाही. पत्रात मी खोटं काही लिहू दिलं नाही. खोटं लिहायचं नाही, हा माझ्या दुकानाचा पहिला नियम आहे. खरं किती लिहायचं, एवढंच आपल्या हातात असतं. पत्रात लिहिलं, मनिराम तामांग हा आमच्या सोसायटीत पहारेकऱ्याचं काम करतो, त्याला आम्ही ओळखतो, कामावर असताना त्याच्या पायाला दुखापत झाली. चौथं वाक्य नव्हतं.

“माझी एक अट,” वैद्यसाहेब म्हणाले. “ही फ्रेम उतरवणार नाही.”

“राहू द्या. शाल खरी आहे ना? मग झालं.”

सही झाली, शिक्का झाला. मी दारापर्यंत गेले आणि वळले. भाव ठरल्यावर वर एक लिंबू मागायची मला सवय आहे.

“आणि जीतमानलाही आठ दिवसांची रजा लागेल. सख्ख्यासारखा काका आहे तो मुलीचा. आज रात्रीच्या गाडीने निघाला तर पोचेल.”

“मग गेटवर कोण बसणार?”

“एकतीस वर्षांतली पहिली रजा आहे साहेब. तेवढं तुम्ही बघा.”

दुकानात आले तेव्हा मनिराम तसाच बसून होता, प्लास्टरचा पाय झेरॉक्सच्या कागदांच्या खोक्यावर ठेवून. मी त्याला सगळं सांगितलं. मी तोंड उघडलं हेसुद्धा. त्याने फक्त विचारलं, “नोकरी?”

“राहिली. तिघांची.”

त्याने मान हलवली. मला तो ‘ठीक आहे बाई’ म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला नाही, आणि ते बरोबरच होतं. नोकरी माझ्या हुशारीने राहिली. शब्द मात्र मी मोडला होता, आणि गोष्ट जमली म्हणून मोडलेला शब्द जुळत नाही. हे मी अजून कुणाला बोलले नव्हते, इथे लिहिते आहे.

पुढचे तीन दिवस मी त्याची तयारी घेतली. विमानतळावर विचारतील ते प्रश्न मी विचारायचे.

“नाव?”

“बहादूर.”

“अरे मेल्या, नाव!”

“मनिराम.”

“शाबास. कुठे जाणार?”

“काठमांडू.”

“कशाला?”

“मुलीचं लग्न.”

“छान. आणि नाव काय म्हणालास?”

“बहादूर.”

शनिवारी संध्याकाळपर्यंत तो दहापैकी सात वेळा मनिराम म्हणू लागला. मी म्हटलं, चालेल, बाकीचं देव बघेल.

रविवारी सकाळी मी स्वतः त्याला टॅक्सीने अंधेरीला विमानतळावर नेलं. एवढी वर्षं लोकांना तिथे पाठवते आहे, पण सोडायला कधी गेले नव्हते. गिऱ्हाइकाला कागद द्यायचा आणि विसरायचं, ही पद्धत. या वेळी ऋण माझ्या डोक्यावर होतं. व्हीलचेअर मिळाली. दारात खाकी गणवेशातला जवान. त्याच्यापलीकडे मला जायला परवानगी नव्हती.

जवानाने तिकीट बघितलं, नागरिकता उघडली. फोटोतल्या सोळा वर्षांच्या पोराकडे बघितलं. मग खुर्चीतल्या माणसाकडे. मग पुन्हा पोराकडे.

“ये कौन है?”

“मैं, साब.”

“ये तू है?”

“साहेब, कान बघा, कान!” मी रेलिंगवरून ओरडले. आजूबाजूची माणसं आपापले कान चाचपू लागली. “त्याची टोपी काढा! केस गेलेत, कान तेच आहेत!”

“मॅडम, आप पीछे रहिए.”

पण त्याने टोपी काढायला लावली. कित्येक हिवाळ्यांनंतर त्या माणसाच्या कानांना उजेड लागला असेल. उजव्या कानाची पाळी फोटोत चिकटलेली होती, खुर्चीतही चिकटलेली होती. जवानाने कागद त्याच्या कानाशेजारी धरून नीट बघितलं. मग सोसायटीचं पत्र वाचलं. मराठीच असावा, कारण वाचताना त्याचे ओठ हलत होते. आणि मग त्याने विचारलं, “नाव काय तुझं?”

मनिरामने मागे वळून माझ्याकडे बघितलं. दहापैकी सात, म्हणजे तीन वेळा वाट लागण्याची शक्यता. मी तोंडावर हात दाबून धरला, कारण या वेळी ते उघडलं असतं तर खेळ संपला असता.

“मनिराम,” तो म्हणाला. “मनिराम तामांग.” मग थांबलाच नाही. बापाचं नाव सांगितलं. आजोबांचं सांगितलं. गाव, वॉर्ड नंबर, गावावरची टेकडी, मुलीचं नाव, जावयाचं नाव, जावई कतारला काय काम करतो ते. जवान “बस, बस, काका” म्हणत होता आणि मागे रांग खोळंबली होती. आत ढकलत नेत असतानासुद्धा व्हीलचेअरवाल्याला तो काहीतरी सांगतच होता. टोपी त्याच्या मांडीवर होती.

तासाभराने फोन आला. “बाई, बोर्डिंग पास भेटला. पाय लांब करायला पुढची सीट दिली.”

मी टॅक्सीवाल्याशी परतीच्या भाड्यावरून भांडण काढलं, म्हणजे डोळ्यांत पाणी का आहे असं त्याने विचारू नये.

मंगळवारी, लग्नाच्या दिवशी, माझं नवप्रभातमध्ये एका गिऱ्हाइकाकडे काम होतं. फॉर्मवर सही घ्यायची होती. रिक्षा गेटपाशी थांबली. गेटवर निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत वैद्यसाहेब बसले होते. गळ्यात मफलर, खिशाला दोन पेनं, मांडीवर व्हिजिटर रजिस्टर. बदली माणूस आठ दिवसांसाठी मिळाला नव्हता. कमिटीने पाळ्या लावल्या होत्या, त्यात खजिनदारांची पाठ धरली, अध्यक्षांकडे पाहुणे आले, आणि शेवटी रजेच्या कागदावर ज्यांची सही होती तेच उरले.

“या,” ते म्हणाले. “रजिस्टरमध्ये नाव लिहा. पूर्ण.”

मी लिहिलं. हसले नाही. मी भांडखोर असेन, पण इतकी वाईट नाही.

“लग्न लागलं असेल आता,” मी म्हटलं.

“सकाळी अकराचा मुहूर्त होता. हिने फोन केला होता तिकडे.” मग म्हणाले, “मस्टरला तीन रकाने आखलेत मी.”

तेवढ्यात मागून एक पांढरी गाडी आली. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला, जरा लांब. काच दोन बोटं खाली झाली.

“काय बहादूर, झोपलास काय रे? गेट उघड ना!”

वैद्यसाहेब उठले. रजिस्टर खुर्चीवर ठेवलं, गेटची कडी काढली, दोन्ही हातांनी गेट ढकललं आणि बाजूला उभे राहिले. गाडी त्यांच्या पायांपासून वीतभर अंतरावरून आत गेली. त्यांनी गेट लावलं, परत येऊन खुर्चीत बसले, आणि रजिस्टर उघडत माझ्याकडे न बघता म्हणाले,

“अकरा वर्षं माझा कॅरमचा पार्टनर आहे हा.”